पन्नासपैकी शेहेचाळीस

मालवण
५ जुलै २००४

कु. ॲश्लिन रॉड्रिग्ज हिस,

तुझी आई लिलियन परवा कॉलेजात आली होती. माझा तास चालू होता. बाकावर बसा अशी मी खूण केली, तरी दारातच उभी राहिली. मग तास संपेपर्यंत मुलींचं लक्ष फळ्याकडे नव्हतं, दाराकडे होतं.

तुझं काम समजलं. तुला दाखला हवा आहे. बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षी तू संगणकाचं शंभर तासांचं प्रात्यक्षिक पूर्ण केलंस, असा. खाली माझी सही, कॉलेजचा शिक्का. कुवेतला ज्या बाईंची मुलं तू सांभाळतेस त्यांच्या दिराच्या कचेरीत एक जागा आहे, त्यांच्या मुख्य कारकुनाला फाईलमध्ये हा कागद लागतो, आणि तो ऑगस्टअखेर तिथे पोचला पाहिजे. हे सगळं लिलियनने एका दमात सांगितलं आणि पुढे म्हणाली, "सही करतलात काय नाय ता सांगा, बाई. माझी धामापूरची एसटी चुकतली."

मी म्हटलं, विचार करून कळवते. ते तुला कळवते आहे, कारण काम तुझं आहे.

चौतीस वर्षं मी वाणिज्य शिकवते आहे. कोल्हापूरहून एम.कॉम. होऊन आले तेव्हा आपला जिल्हासुद्धा रत्नागिरीच होता. या काळात मी सही करण्याआधी कागद वाचला नाही असं एकदाही झालेलं नाही. तेव्हा तुझ्या दाखल्याबद्दल मला विचार करावा लागेल, यात राग मानण्यासारखं काही नाही.

तीन वर्षांपूर्वी मीच तुझं नाव कुडाळच्या त्या आंब्याच्या रसाच्या कारखान्याला सुचवलं होतं. ऑफिस सहायकाची जागा होती. घरून जाऊन-येऊन करता आली असती. तुझ्या गुणपत्रिकेत संगणकाच्या प्रात्यक्षिकाला पन्नासपैकी शेहेचाळीस होते. तू गेलीस आणि घाबरलीस. शेहेचाळीस गुण मिळवलेली मुलगी यंत्रासमोर हात मांडीवर ठेवून बसली, तर त्याला कॉलेज काय करणार? नंतर तू ऑफिसच्या दारापर्यंत आलीस आणि न बोलता परत गेलीस. दारापर्यंत आलेल्या माणसाने आत यावं, मनात असेल ते बोलावं. तू थेट कुवेतच गाठलंस.

आधी मला स्वतःच्या हाताने चार ओळी लिही. काम काय आहे, तुला काय येतं, काय येत नाही, ते कळव. मग पाहू.

प. वि. केळुसकर


मालवण
२७ जुलै २००४

ॲश्लिन,

तुझं पत्र आलं नाही. तुझी आई आली. सोमवारच्या बाजाराला आली होती, पिशवीत सुकी मासळी होती, आणि ती पिशवी तिने माझ्या टेबलावर ठेवली.

मी विचारलं, "ॲश्लिनला पत्र लिहायला काय होतं?"

"तेका वेळ खंय, बाई? दोन पोरां, एक म्हातारी, नि रांधप वेगळाच. फोन करता ता पण पंधरा दिसांनी, शेजारच्या डॉमिंगोच्या घरी. पाच मिनटा. त्या पाच मिनटात मी तेका 'जेवलंस काय' विचारू की तुमच्या पत्राचा विचारू?"

मग म्हणाली, "माका ती खोली दाखवा."

कोणती खोली ते मला कळलं होतं. तरी मी "कोणती?" असं विचारलं.

"कम्प्युटरची. माझा चेडू तीन वर्सा तुमच्या कॉलेजात होता. ती खोली आतसून कशी आसा ता तेकाच ठावक नाय, मग माका कसा असतला?"

शेवटी महादूला किल्ली आणायला सांगितली. महादू आमचा शिपाई. नियमाला पक्का. त्याने तुझ्या आईला, "बाईनू, चपला भायर," असं सांगितलं. तिने चपला काढल्या, आत गेली, एका यंत्रावरचं कापड उचललं, दुसऱ्यावरचं उचललं, आणि पेटीवर रंगवलेली अक्षरं एकेक करून वाचायला लागली. 'कै. सुभद्रा आत्माराम यांच्या स्मरणार्थ.' 'कै. गुणाजी लक्ष्मण यांच्या स्मरणार्थ.' सहाही वाचली. मग छातीवर क्रूस केला आणि मला म्हणाली, "हय सगळी मेलेल्यांचीच नावा. जित्या माणसान हात खंय लावचो?"

तिला मी उत्तर दिलं नाही. तुला देते.

ती यंत्रं १९९९ साली मुंबईकर मंडळाने दिली. ज्यांनी आपल्या आईवडिलांच्या नावाने ती दिली ते लोक दर मे महिन्यात गावी येतात, कॉलेजात येतात, आपापल्या यंत्रासमोर उभे राहून फोटो काढून घेतात. पहिल्याच वर्षी एकाने बोटाने धूळ पुसून ते बोट प्राचार्यांना दाखवलं होतं. प्राचार्यांनी यंत्रं माझ्या ताब्यात दिली. डेड स्टॉक रजिस्टरला माझी सही आहे. काही बिघडलं तर जबाब मी द्यायचा. समुद्र इथून हाकेवर. खाऱ्या हवेने खिडकीचे गज दोन वर्षांत सोलून निघतात, तिथे ही नाजूक वस्तू. म्हणून मी खोली बंद ठेवली, कापडं शिवून घेतली.

आणि शिकवलं नाही असं कुणी म्हणू नये. फळ्यावर मी संपूर्ण कीबोर्ड काढत असे, एकही कळ न चुकता. तुम्ही प्रत्येकीने तो पुठ्ठ्यावर उतरवून आणलात, त्यावर बोटं चालवलीत. तक्ता कसा करायचा, बेरजेचं सूत्र कुठे लिहायचं, पत्र कसं जतन करायचं, या सगळ्याच्या पायऱ्या मी तुमच्याकडून म्हणून घेत होते. तुझ्या एकदाही चुकल्या नाहीत. परीक्षेत प्रश्नसुद्धा पायऱ्यांवरच असत. शेहेचाळीस गुण फुकट दिलेले नव्हते.

तुझी आई ती मासळीची पिशवी मुद्दाम विसरली की खरंच विसरली, कळत नाही. महादू घेऊन गेला.

दाखल्याचं मी अजून ठरवलेलं नाही.

प. वि. केळुसकर


मालवण
१७ ऑगस्ट २००४

चि. ॲश्लिन,

हे पत्र थोडं लांबेल.

तुझी आई गेल्यावर मी दुसऱ्या दिवशी ती खोली उघडली आणि यंत्रं लावायला सांगितली. सहापैकी एक चालू झालं, तेही दहा मिनिटं. कापडाखाली, कुलपाआड, खाऱ्या हवेने आपलं काम केलं होतं.

मग मी भरड नाक्यावर विकीच्या संगणक वर्गात नाव घातलं. तुझ्याच वर्षाचा विकी, मुलांच्या तुकडीतला, माझ्या विषयात दोनदा नापास झालेला. औषधाच्या दुकानावर त्याने आठ यंत्रं मांडली आहेत. माझ्या एका बाजूला दहावीतली मुलगी, दुसऱ्या बाजूला पतपेढीतला वसुलीवाला. पहिल्या दिवशी मी माऊस चिमटीत धरला. विकी वर्गासमोर म्हणाला, "बाई, इतक्या लांबसून कित्याक धरतात? कुर्ली नाय ती, चावाची नाय." माझ्या हातातल्या खेकड्याला सगळे हसले. मी त्याला म्हटलं, "नापास झालास तेव्हा इतका धीर कुठे होता?" तो म्हणाला, "पेपरात विचारल्यात तेचा मशिनीवर काय्येक नव्हता, बाई. मी मुंबयसून शिकान इलय."

आता जे लिहायचं ते लिहिते.

खोली मी खाऱ्या हवेसाठी बंद ठेवली, हे अर्धं खरं आहे. मला ते यंत्र चालवता येत नव्हतं. सुरूसुद्धा करता येत नव्हतं. मंडळाने आणून लावली तेव्हा एक तरुण दोन तास शिकवायला आला होता. मी वही घेऊन पहिल्या बाकावर बसले, सगळं लिहून घेतलं आणि हात लावला नाही, कारण प्राध्यापक मंडळी बघत होती आणि माझं चुकलं असतं. त्या वहीवर मी पाच वर्षं शिकवलं. खोली उघडली असती तर तुम्हा मुलींना पहिल्याच दिवशी कळलं असतं.

दुसरी गोष्ट. कुडाळच्या मुलाखतीनंतर कारखान्याच्या मॅनेजरांचा कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. त्यांनी सांगितलं, तुमची विद्यार्थिनी खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवले आणि पायऱ्या पाठ म्हणायला लागली. प्रथम अमुक शब्दावर जावे, नंतर तमुक. आमचा स्टोअरकीपर तिला म्हणाला, "गो, मशिनीक आरती कित्याक म्हणतंस?" मॅनेजर स्वतः हसत नव्हते. त्यांनी मला सरळ विचारलं, "बाई, हिला तुम्ही यंत्रावर बसवलं होतं का?"

मी म्हटलं, "वर्गात सगळ्यांना बसवतो. ही मुलगी लक्ष देत नसे."

फोन ठेवून वळले तेव्हा तू दारात होतीस. न बोलता परत गेलीस, असा ठपका मी पहिल्या पत्रात तुझ्यावरच ठेवला. ते लिहितानाही मला माहीत होतं.

आता दाखल्याचं. शंभर तासांचं प्रात्यक्षिक झालं असा दाखला मी दिला, तर तेच पुन्हा होईल. पुन्हा तू माझ्या सहीवर एका खुर्चीत बसशील आणि पुन्हा लोक हसतील, ते तर परक्या मुलखातले. ते मी होऊ देणार नाही. म्हणून मी दुसरा मार्ग घेतला. तुझ्या आईकडे कचेरीचा पत्ता होता. त्या पत्त्यावर मी काल कुरिअरने थेट पत्र पाठवलं. इंग्रजीत, विकीच्या यंत्रावर स्वतः टाइप करून. कॉलेजात कोणतंही प्रात्यक्षिक झालेलं नाही, गुणपत्रिकेवरचे प्रात्यक्षिकाचे गुण प्रत्यक्ष कामाचे नाहीत, दोष सर्वस्वी शिक्षिकेचा आहे, मुलगी हुशार आणि प्रामाणिक आहे, तिला शिकायला सहा महिने द्यावेत. खाली सही. प्रत तुला सोबत पाठवते.

तुझ्यावर जो डाग होता तो माझ्यामुळे होता. तो मी लेखी पुसला आहे.

याच पाकिटात बारा पानं आहेत. मी विकीकडे जे शिकले ते रोज घरी येऊन तुझ्यासाठी लिहून काढलं. पुठ्ठ्यावरचं नाही, हाताने करून पाहिलेलं. यंत्र सुरू कसं करायचं इथपासून आहे. कुणाचं यंत्र थोडा वेळ मिळालं तर पान एकपासून सुरुवात कर. घाई करू नकोस.

तुझी,
पद्मावती केळुसकर


मालवण
२१ सप्टेंबर २००४

चि. ॲश्लिन,

लिलियन काल घरी आली. कॉलेजात नाही, घरी. मी चहा ठेवते म्हटलं तर "नको" म्हणाली.

तिच्या हातात एक छापील कागद होता. रंगीत चौकटी, वर दिवस, डाव्या बाजूला वेळा. कुठल्या मुलाला कुठलं औषध, शाळेची गाडी किती वाजता, म्हातारीची साखर कधी तपासायची. ज्या दिवशी औषध बदलतं तो रकाना आपोआप पिवळा होतो, असं तिने मला समजावून सांगितलं. आपोआप हा शब्द तिने तुझ्याकडून फोनवर ऐकलेला असणार.

"ह्या माझ्या चेडवान केला," ती म्हणाली. "मालकिणीचो थोरलो झील गेम खेळता, तेच्या बाजूक बसान शिकला ता. दोन वर्सा झाली. फ्रिजवर चिकटवलेला होता. दीर इलो, तेना बघल्यान, विचारल्यान, ह्या कोणी केला? म्हणान नोकरी देय होतो."

मी कागद हातात घेतला. विकीकडे माझा असा तक्ता अजून होत नाही. रकाने सारखे येत नाहीत.

कचेरीने तुला जागा का देऊ केली, हे मी दोन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. मुलं सांभाळणाऱ्या बाईला कुणी ऑफिसात का बसवेल, हा पहिला प्रश्न होता. मी तुला पहिल्या पत्रात 'काय येतं, काय येत नाही ते कळव' असं लिहिलं आणि उत्तर आलं नाही तेव्हा येत नाही असंच धरून चालले. तीन वर्षांपूर्वी तुझ्याकडे कागद होता आणि विद्या नव्हती. या वेळी विद्या होती, कागद तेवढा कमी होता.

पुढचं तिने सांगितलं. माझं पत्र मुख्य कारकुनाने वाचलं. त्याच्या लेखी अर्थ एवढाच झाला की या मुलीच्या गुणपत्रिकेवर खोटे गुण आहेत आणि तिचं कॉलेजच तसं लिहून देतं. अशी गुणपत्रिका असलेल्या माणसाची फाईल तो करू शकत नाही. दिराने थोडा आग्रह केला, मग सोडून दिला. जागा दुसऱ्याला गेली. मालकीण आता तुला मुलाच्या यंत्राला हात लावू देत नाही, कारण तिच्या कानावर 'खोटी' एवढाच शब्द गेला.

मी म्हटलं, "लिलियन, मी खरं तेच लिहिलं."

तुझी आई ओरडली नाही. ती म्हणाली, "कुमसार करूचा होता तर पाद्रीकडे जावचा होता, बाई. माझ्या चेडवाच्या सायबाकडे कित्याक केल्यात?"

तुमच्यात पाद्रीपुढे गुडघे टेकून पाप सांगतात त्याला कुमसार म्हणतात, एवढं मला माहीत होतं. ते सांगून झाल्यावर माणसाला हलकं वाटतं, हेही ऐकलं होतं. पत्र कुरिअरला देऊन मी घरी आले त्या संध्याकाळी मला हलकं वाटलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा भूक लागली होती.

जाताना तिने तुझ्यासाठी लिहिलेली बारा पानं मला परत दिली. तू म्हणे डॉमिंगोच्या मुलाबरोबर, तो सुट्टीवर येत होता तेव्हा, पाठवून दिलीस. पाकीट उघडलेलं होतं. पान एकवर 'यंत्र सुरू करण्याचे बटण' असं मी अधोरेखित केलेलं आहे.

मी कचेरीला दुसरं पत्र लिहिते आहे. तुझ्या तक्त्याची प्रत जोडून.

पद्मावती केळुसकर


मालवण
४ मार्च २००५

चि. ॲश्लिन,

माझ्या दुसऱ्या पत्राला कचेरीकडून उत्तर आलं नाही. तिसरंही पाठवलं होतं. तुला कळलं असेल.

गेल्या आठवड्यात तुझी आई आली. ती आता माझ्याशी नवीन माणसाशी बोलावं तशी बोलते, "तुमी बऱ्या आसात मां?" असं विचारून सुरुवात करते. तिने सांगितलं, तुझ्या जागी घेतलेला माणूस टिकला नाही. दीर पुन्हा तुझ्याबद्दल बोलला आहे. मुख्य कारकुनाने त्याच्यापुढे एक तोड ठेवली आहे : माझं ते पत्र दुसऱ्या विद्यार्थिनीबद्दल होतं, चुकून तुझं नाव पडलं, असं धरता येईल. त्यासाठी फाईलमध्ये कॉलेजचा रीतसर दाखला हवा, आणि तो ऑगस्टच्या आधीच्या तारखेचा हवा. गेल्या जुलैचा चालेल. मागच्या वेळी मागितला होता तेव्हाचाच. या महिन्याअखेर तुझा घरकामाचा करार संपतो. हा कागद नसेल तर मालकीण आणखी तीन वर्षांचा करून घेणार आहे. धाकट्याला आता बहीण होणार आहे.

"एक तारीख, बाई," लिलियन म्हणाली. "बाकी सगळा खरा आसा. चेडवाक येता. तुमी कागद बघल्यात."

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात देते.

काही गोष्टी तुला ठाऊक असाव्यात म्हणून लिहिते. याच आठवड्यात मी तिसऱ्या वर्षाच्या सदतीस मुलींचे प्रात्यक्षिकाचे गुण भरून दिले. खोलीत एकही यंत्र आता चालत नाही. प्राचार्यांना मी लेखी कळवलं होतं की या वर्षी प्रात्यक्षिक घेता येणार नाही. ते म्हणाले, "बाई, तुमच्या तत्त्वासाठी सदतीस मुलींचं वर्ष घालवायचं का? पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त." मी भरले. कमीत कमी चाळीस, जास्तीत जास्त सत्तेचाळीस. हात थांबला नाही. छापील तक्ता होता, रकाने होते, शेवटी सहीची जागा होती, दरवर्षी असते तशी. त्यातली एक मुलगी, उर्वशी, अक्षर तुझ्यासारखंच. तिला पंचेचाळीस दिले.

मग तुझा दाखला लिहायला घेतला. कॉलेजच्या कागदावर, टाइप करून. ॲश्लिन रॉड्रिग्ज हिला संगणकावर तक्ते, पत्रव्यवहार आणि कार्यालयीन नोंदी करता येतात, तिचं काम मी स्वतः पाहिलं आहे. हे खरं असल्यामुळे भरभर लिहून झालं. सही केली. शिक्का मारला. तारखेची जागा उरली.

विकीकडे छापायला गेले होते. तो मागे उभा होता. म्हणाला, "घाला जुलै, बाई. कोण बघता?" मी त्याला खाली पाठवलं. पेन तीनदा टेकवलं. घरी घेऊन आले, जेवणाच्या टेबलावर ठेवलं, पुन्हा टेकवलं. सदतीस खोट्या आकड्यांना जो हात थांबला नव्हता तो एका तारखेला थांबला. का ते मी दोन दिवस शोधते आहे. ते आकडे माझ्याकडे मागितले जातात, छापील कागदावर, सगळ्यांच्या समोर. त्यात मी एकटी नसते. ही तारीख मी एकटीने घालायची होती, तुझ्यासाठी. एवढंच कारण सापडतं. सांगण्यासारखं नाही.

तुझ्या आईने आज सकाळी दाखला नेला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. शिक्क्यावरून बोट फिरवून, पदराखाली धरून ती पहिल्यांदा हसली, आणि डॉमिंगोचा मुलगा पुन्हा सुट्टीवर आला आहे, शनिवारी कुवेतला परत जातो त्याच्याबरोबर पाठवते म्हणाली. मी तिला काही सांगितलं नाही.

हे पत्र टपालाने येतं, म्हणून दाखला तुझ्याकडे आधी पोचेल. तेव्हा तुला दिसलेलंच असेल. तारीख मी आजची घातली आहे.

पद्मावती केळुसकर